कचेरीतला साक्षी

आपल्या क्षुल्लक दिनचर्येला कोणी साक्षी आहे काय, आणि असल्यास तो आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न ज्या काळी धर्मशास्त्रात, दर्शनग्रंथांत आणि संतांच्या वाणीत विचारला जात असे, त्या काळी विचारणाऱ्याला निदान एवढी खात्री असे की पाहणारा कोणीतरी आहे. ती खात्री पुष्कळांच्या मनातून केव्हा निघून गेली हे त्यांचे त्यांनाही सांगता येऊ नये अशा आजच्या काळात तोच प्रश्न एका विनोदी मालिकेने, आणि तोही कागद विकणाऱ्या एका पेढीच्या कचेरीत, नव्याने उभा करावा, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. ९ जुलै २००१ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘द ऑफिस’ या मालिकेचा पहिला भाग दाखवण्यात आला. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी ती लिहिली आणि दिग्दर्शितही केली. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊ या रुक्ष गावी वर्नम हॉग नावाच्या कल्पित कंपनीची शाखा आहे, तेथील कारभारावर अनुबोधपट काढण्यासाठी काही मंडळी कॅमेरा घेऊन येऊन राहिली आहेत, आणि त्यांनी जे टिपले तेच आपण पाहत आहोत, एवढे या मालिकेचे गृहीतकृत्य. दोन मालिकांचे मिळून बारा भाग आणि २००३ च्या नाताळातले दोन विशेष भाग, एवढाच तिचा पसारा. पण त्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत इंग्रजी विनोदाने जे वळण घेतले त्यातले बरेचसे याच उगमापासून निघालेले आहे.

या प्रकाराला मॉक्युमेंटरी म्हणतात, म्हणजे अनुबोधपटाचे सोंग. त्याची रीत आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. कॅमेरा हातात धरलेला असतो आणि किंचित हलत राहतो. तो दाराच्या फटीतून पाहतो, काचेपलीकडून पाहतो, एखाद्याच्या चेहऱ्यावर उशिरा पोचतो. मध्येच एखादे पात्र खुर्चीवर एकटे बसून आपली जबानी देते आणि लगेच पुढच्या दृश्यात त्या जबानीची रुजुवात होऊन ती साफ खोटी ठरते. हे सोंग वठायचे तर ज्याचे सोंग घ्यायचे ती वस्तू लोकांनी पुरेशी पाहिलेली असावी लागते. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी टिपणारी, खांद्यावरून वाहता येण्याइतकी हलकी सामग्री १९६० च्या सुमारास अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये तयार झाली, आणि रॉबर्ट ड्रू यांच्या मंडळींनी त्याच वर्षी केनेडी व हम्फ्री यांच्या विस्कॉन्सिनमधल्या लढतीत त्यांच्या पाठोपाठ हिंडून ‘प्रायमरी’ हा पट काढला. १९७४ साली बीबीसीने रेडिंग येथील एका सामान्य कुटुंबाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा नेऊन बसवला. १९९० नंतर तर विमानतळ, मोटारशिकवणी, जे हाती लागेल ते या प्रकाराखाली आले, आणि पाहिले जात असताना आपण पाहिले जात नाही असे वागण्याची विद्या इंग्लंडातल्या साध्यासुध्या माणसांनाही अवगत झाली. जर्व्हेस आणि मर्चंट यांनी नक्कल केली ती या शेवटच्या पिढीची. गंभीर निवेदकाच्या स्वरावर लोकांची श्रद्धा किती गाढ असते याचा पुरावा मात्र त्याच्या पुष्कळ आधी मिळाला होता: १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटीचे पीक उतरवले जात असल्याचे दृश्य दाखवले, आणि असे झाड लावावे कसे हे विचारण्यासाठी काही प्रेक्षकांनी दूरध्वनी केले. प्रत्यक्षाला आपण प्रमाण मानतो ते कधी कधी केवळ सांगणाऱ्याच्या आवाजावरून.

या मालिकेत एक वस्तू नव्हती, आणि तिच्या नसण्याचे महत्त्व मला फार वाटते. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात हास्याचे एक यंत्र तयार केले. टेपवर साठवलेले हसू त्याच्या कळा दाबून हव्या त्या जागी, हव्या त्या मात्रेत सोडता येई, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतल्या विनोदी मालिका त्याच हास्याच्या आधाराने चालल्या. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगून त्यांपैकी स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांना, विहसित आणि उपहसित मध्यमांना, आणि अपहसित व अतिहसित अधमांना वाटून दिले आहेत. डग्लसच्या यंत्राने सर्वांच्या वाट्याला शेवटचे दोन ठेवले. ‘द ऑफिस’ने ते हसू काढून टाकले आणि त्या जागी कचेरीतला आवाज, म्हणजे यंत्राची घरघर, फोनची घंटा आणि कोणी काही वेडगळ बोलून गेल्यानंतरची शांतता, एवढाच ऐवज ठेवला. हसावे की नाही याचा फैसला प्रेक्षकावर आला. कोणत्या प्रतीचे हसावे हेही त्यालाच ठरवावे लागले, आणि ते ठरवताना आपली स्वतःची प्रकृती कोणती याचा बोभाटा निदान स्वतःपुरता तरी होऊ लागला.

आता ब्रेंटच्या नृत्याकडे वळतो. डेव्हिड ब्रेंट हा त्या शाखेचा व्यवस्थापक. आपण अत्यंत विनोदी, सहृदय आणि हाताखालच्या माणसांचे लाडके आहोत अशी त्याची अढळ समजूत आहे, आणि कॅमेरा आल्यापासून तर ती समजूत हे त्याचे जीवितकार्य झाले आहे. दुसऱ्या मालिकेच्या पाचव्या भागात धर्मादाय निधी गोळा करण्याचा दिवस आहे. नील हा त्याचा वरिष्ठ, देखणा आणि खरोखरच लोकप्रिय; तो सरावलेले नृत्य करून टाळ्या मिळवतो. ब्रेंटला हे सोसत नाही. कोणी फारसा आग्रह केलेला नसताना तो पुढे येतो, संगीत लावलेले नाही म्हणून तोंडानेच ठेका धरतो, आणि पुढचा काही काळ हातपाय झाडत, मान उडवत, डोळ्यांच्या कोपऱ्यातून कॅमेऱ्याचा अदमास घेत जे काही करतो त्याला नृत्य हे नाव त्याच्या खात्रीमुळेच द्यावे लागते. भोवती कर्मचारी कोंडाळे करून उभे आहेत. कोणी हसत नाही, कोणी थांबवत नाही. त्याच दिवशी, शहामृगाचा वेष अंगावर असतानाच, त्याला कामावरून कमी केल्याचे तोंडी सांगण्यात येते.

सांख्यकारिकेच्या एकोणसाठाव्या कारिकेत ईश्वरकृष्णाने प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. रंगभूमीवर आपली कला दाखवून झाली की नर्तकी जशी निवृत्त होते, तशी प्रकृती पुरुषाला आपले स्वरूप दाखवून निवृत्त होते. आणि पुढे सहासष्टाव्या कारिकेत त्याने हे आणखी पुढे नेले आहे की ‘मी हिला पाहिले’ एवढ्याने एकाची आस्था संपते आणि ‘मी पाहिली गेले’ एवढ्याने दुसरीचा व्यापार थांबतो. पुरुष कसा, तर साक्षी, केवल, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता. कॅमेऱ्याचे याहून नेमके वर्णन कोणत्याही तंत्रग्रंथात मला आढळलेले नाही. पण ब्रेंट थांबत नाही. पाहिले गेल्यावर थांबणे हे सांख्यांच्या नर्तकीचे शील, तर पाहिला जातो आहे म्हणूनच नाचत राहणे हा ब्रेंटचा स्वभाव. त्याच्यापुढचा कॅमेरा काढून घेतला तर तो त्या क्षणी मोडून पडेल असे वाटत राहते, आणि त्याची नोकरी जाते तेव्हा तो खरोखरच मोडून पडतोही. दर्शनकारांची बाजू घेऊन एवढे म्हणता येईल की ब्रेंटला अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, आणि कोणी पाहिले नाही म्हणूनच त्याचे नृत्य चालू आहे. टिपले जाणे आणि पाहिले जाणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच ही मालिका घडते. शिवाय सांख्यांचे पुरुष अनेक आहेत. एकाच्या दृष्टीने निवृत्त झालेली प्रकृती दुसऱ्यासाठी चालूच राहते. मालिका संपून इतकी वर्षे लोटल्यावर आज पुण्यात वा पणजीत कोणी ती प्रथमच लावली की ब्रेंट पुन्हा पुढे येऊन ठेका धरतो, यात शास्त्रदृष्ट्या काहीच चुकत नाही.

चुकते ते पाहणाऱ्याकडून. पुरुष मध्यस्थ आहे, त्याला सुखदुःखाचा लेप नाही, बंध आणि मोक्ष हे दोन्ही वस्तुतः प्रकृतीचेच, असे कारिकाकार सांगतो. आणि आपण मात्र ब्रेंटचे नृत्य पाहताना आरामखुर्चीत अंग चोरून बसतो, उशी तोंडावर घेतो, कित्येकजण तर खोलीबाहेर जातात. लाज त्याला वाटायला हवी, ती त्याला वाटत नाही, म्हणून ती आपल्याकडे येते. आंरी बर्गसाँने १९०० साली हास्यावर लिहिताना असे प्रतिपादन केले की हसण्यासाठी अंतःकरण क्षणभर बधिर व्हावे लागते, आणि हास्यास्पद माणूस हा स्वतःला अदृश्य आणि जगाला दृश्य असतो. यांतला दुसरा सिद्धांत ब्रेंटला तंतोतंत लागू पडतो. पहिला पडत नाही, कारण या विनोदात हसू येते ते बधिरता उतरत असतानाच. आपण हसतो आणि त्याच श्वासात त्याच्या जागी उभे असतो. मोलियेरच्या कृपणाला पाहून आपण कृपण आहोत अशी धास्ती फारशी कोणाला वाटत नसेल. ब्रेंटला पाहून मात्र, मागच्या समारंभात आपण केलेले ते भाषण, वरिष्ठांपुढे केलेला तो विनोद, आणि त्यानंतर कोणीतरी विषय बदलला तो क्षण, हे सगळे दप्तर आपोआप उघडते. सांख्यांच्या पुरुषाला असे दप्तर नसते, आणि म्हणून तो द्रष्टा होऊ शकतो. आपल्याला साक्षीच्या आसनावर बसवले जाते, पण त्या आसनाचा अधिकार आपल्यापाशी नाही, ही जाणीव देणारा विनोद मला इतर सर्व विनोदांपेक्षा अधिक धार्मिक वाटतो. धार्मिक या शब्दाने मी पवित्र असे काही सुचवत नाही, हे सांगायला नकोच.

याच कचेरीत टिम नावाचा एक विक्रीकारकून आहे, आणि प्रेक्षकांचे प्रेम आहे ते त्याच्यावर. ब्रेंट काही मूर्खपणाचे बोलला की टिम काहीच बोलत नाही. तो हळूच कॅमेऱ्याकडे पाहतो. त्या एका दृष्टिक्षेपात ‘आपल्या दोघांना कळते आहे ना’ असा सबंध मजकूर असतो, आणि तो वाचताच आपण त्याचे आप्त होतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत जिम या पात्राने हाच दृष्टिक्षेप वर्षानुवर्षे चालवला, आणि पुढच्या कित्येक मालिकांनी तो जसाच्या तसा उचलला. आपल्या तमाशातला सोंगाड्याही बोलता बोलता प्रेक्षकांकडे वळतो. पण समोर कोण बसले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि त्याला टाळी हवी असते. टिमला टाळी नको आहे. त्याला हवा आहे तो एक साक्षीदार, ज्याच्या नजरेत आपण या कचेरीचे नाही हे एकदा नोंदले जावे.

मुंडकोपनिषदातले ते दोन पक्षी सर्वांना माहीत आहेत: एकाच वृक्षावर बसलेले, एक फळ खाणारा आणि दुसरा न खाता केवळ पाहणारा. टिम हा दुसऱ्या पक्ष्याच्या फांदीवर बसू पाहणारा पहिला पक्षी आहे, असे मला वाटते. त्याची ती अलिप्तता साक्षीभावासारखी दिसते, पण तिच्यात सुप्त गर्व आहे, आणि त्याहून अधिक भय आहे. नोकरी सोडून मानसशास्त्र शिकायला जाण्याचे तो पुनःपुन्हा बोलतो आणि जात नाही. टेलिफोनजवळ बसणाऱ्या डॉनवर त्याचे प्रेम आहे आणि ते तो बोलत नाही. कॅमेऱ्याकडे पाहता येते म्हणून जगण्याची निकड थोडी कमी होते. हा अनुभव ज्याने एखादी नावडती चाकरी हसून सोसली आहे त्याला नवा नाही. गीतेवरच्या प्रवचनांत अनासक्ती म्हणून जे वाखाणले जाते त्यातले किती टिमच्या जातीचे असते, याची उलटतपासणी कोणी करत नाही. ब्रेंट मूर्ख खरा, पण तो फळ खातो, त्याचा रस हनुवटीवरून ओघळतो, आणि त्याच्या मूर्खपणात लबाडी असली तरी पळवाट नाही. माझा कल या बाबतीत ब्रेंटकडे आहे.

म्हणूनच दुसऱ्या मालिकेच्या अखेरच्या भागातला एक प्रसंग टिमचे सगळे वर्तन एकदम फिरवून टाकतो. डॉन आपल्या वाग्दत्त वरासह अमेरिकेला जायला निघाली आहे. टिम एकटा बसून जबानी देत आहे, आणि आपण योग्य तेच केले अशी कॅमेऱ्याची, म्हणजे स्वतःची, समजूत घालत आहे. मध्येच तो थांबतो, उठतो, तडक तिच्याकडे जातो, तिला काचेच्या बैठकीच्या खोलीत नेतो, आणि अंगावरचा ध्वनिक्षेपक बंद करतो. आपल्याला ऐकू येणे थांबते. काचेपलीकडे दोन माणसे काही बोलतात, मिठी मारतात, वेगळी होतात. टिम आपल्या जागेवर परत येतो, ध्वनिक्षेपक पुन्हा चालू करतो, आणि तिने नकार दिला एवढे कोरडेपणाने सांगून टाकतो. दोन मालिकांत त्याने केलेले हे पहिले कृत्य, आणि ते करताना त्याने साक्षीला बाहेर ठेवले. ज्या क्षणी खरोखर काही पणाला लागले त्या क्षणी त्याला नोंद नको होती. मग लगेच परत येऊन निकालाची वर्दीही त्यानेच दिली, हा भाग लेखकांच्या प्रामाणिकपणाचा. एका कृत्याने माणूस इतका बदलत नाही.

साक्षी मध्यस्थ असतो हे दर्शनांत ठीक. कचेऱ्यांत आणि न्यायासनापुढे त्याची पारख करावी लागते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचा विचार चालला असता, आत्मा हाच आत्म्याचा साक्षी आहे आणि पाप करणाऱ्याला आपल्याला कोणी पाहत नाही असे वाटत असले तरी देव आणि त्याच्याच आतला पुरुष त्याला पाहत असतात, असे बजावले आहे. म्हणजे खोट्या साक्षीवर उपाय म्हणून आणखी एक, न फितणारा साक्षी उभा केला आहे. पुराणांनी यमाच्या दरबारी चित्रगुप्त नेमला आणि त्याच्याकडे सर्वांचे दप्तर सोपवले. चित्रगुप्ताच्या नोंदीवर तकरार करण्याची सोय मात्र सहसा कोठे दिसत नाही. ती सोय जर्व्हेस आणि मर्चंट यांनी केली. २००३ च्या नाताळी भागांत अनुबोधपट प्रसारित होऊन काही काळ लोटलेला आहे. ब्रेंटने तो पाहिला आहे, जगानेही पाहिला आहे, आणि दारोदार फिरून माल विकणारा ब्रेंट त्याच कॅमेऱ्यापुढे आपली कैफियत मांडतो की तुम्ही कापाकापी करून मला मूर्ख ठरवले, माझ्या चांगुलपणाचे प्रसंग टाकून दिले. आपण हसतो, कारण तसे काही प्रसंग असतील यावर आपला विश्वास नाही. पण ही कैफियत कायद्याने अगदीच टाकाऊ नाही. कॅमेरा अकर्ता असेल. त्याने टिपलेल्यातून काय राखायचे आणि काय गाळायचे हे ठरवणारा हात अकर्ता नाही, आणि तो हात या सबंध मालिकेत एकदाही दिसत नाही. १९६० च्या उन्हाळ्यात ज्याँ रूश आणि एदगार मोराँ यांनी पॅरिसमधल्या लोकांना ‘तुम्ही सुखी आहात काय’ असे विचारत जो पट काढला, त्याच्या शेवटी त्यांनी तो पट त्याच माणसांना दाखवला आणि त्यांचे म्हणणेही चित्रित केले. तेव्हा स्वतःला आणि एकमेकांना पडद्यावर पाहून त्यांच्यात वाद पेटला, कोणाला ते खोटे वाटले, कोणाला उघडेनागडे. आपली नोंद आपल्याला दाखवण्यात आली तर ती आपण कबूल करू असा भरवसा धर्मशास्त्राने कशावरून धरला, हे मला कधी उमजलेले नाही.

२४ मार्च २००५ रोजी ग्रेग डॅनियल्स यांनी हीच मालिका पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी नेली, आणि ती नऊ हप्त्यांत १६ मे २०१३ पर्यंत चालली. तिच्या पहिल्या हप्त्यात इंग्रजी कोरडेपणाचे अनुकरण होते. पुढे तिचा स्वभाव पालटला, आणि तो कोणत्या दिशेने पालटला हे वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाने सांगावे. पंढरपूरचा देव हाती शस्त्र धरत नाही, कोणाचा वध करत नाही; कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहतो आणि पाहतो. वारकरी इतका चालत जातो तो त्याला पाहण्यासाठी, आणि त्याहून अधिक, त्याने आपल्याला पाहावे यासाठी. हा साक्षी सांख्यांचा पुरुष नव्हे. तो मध्यस्थ नाही. पुंडलिकाच्या सेवेवर लुब्ध होऊन तो आला आणि थांबला, अशीच त्याची कथा आहे. स्क्रँटनचा कॅमेरा असाच हळूहळू भक्तवत्सल होत गेला. मायकेल स्कॉट हा तिथला ब्रेंट. तो २०११ साली गाव सोडून जातो तेव्हा विमानतळावर ध्वनिक्षेपक काढून चित्रीकरण करणाऱ्यांच्या हाती देतो आणि हे कधी दाखवले गेले तर कळवा असे सहज सांगून चालू लागतो, आणि त्याच्यामागून धावत आलेल्या पॅमशी, म्हणजे जिमच्या बायकोशी, तो काय बोलला हे आपल्याला ऐकू येत नाही. शेवटच्या हप्त्यात तर नोंद हीच कृपा होते: जिमवरचा पॅमचा विश्वास डळमळला असता त्याच्या सांगण्यावरून ती मंडळी इतक्या वर्षांच्या चित्रणातून दोघांचे क्षण निवडून तिला दाखवतात. चित्रगुप्ताने आपले दप्तर दांपत्याच्या समेटासाठी उघडावे, तसा हा प्रकार. त्याच हप्त्यात ध्वनिमुद्रण करणारा एक जण पॅमला रडताना पाहून चित्रीकरण थांबवायला लावतो आणि स्वतः दृश्यात येतो. मला तो भाग फसलेला वाटतो. साक्षीने प्रेम करावे हे मला मान्य आहे. त्याने हातातली ध्वनिक्षेपकाची दांडी टाकून मध्ये पडावे, हे विटेवरून खाली उतरण्यासारखे आहे, आणि तसे उतरण्याला संतचरित्रांत जे मोल आहे ते आठव्या हप्त्यानंतर कथानक ओढण्यासाठी केलेल्या उतरण्याला येत नाही. तरीही एक कबूल केले पाहिजे की दिवसभराच्या कामाने थकून आलेली जी असंख्य माणसे ही अमेरिकी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावतात, ती बहुधा याच वत्सल दृष्टीसाठी. तिखट इंग्रजी मालिका थकलेल्या माणसाला लावून पाहा, तो दोन भागांत झोपायला जातो.

शेवटी एका अशा मालिकेचा उल्लेख करतो जी काटेकोर अर्थाने या प्रकारात मोडत नाही, कारण तिच्यात अनुबोधपटाचे सोंग नाही. फीबी वॉलर-ब्रिजची ‘फ्लीबॅग’ २०१६ आणि २०१९ साली प्रसारित झाली. तिची निनावी नायिका दुसऱ्या कोणाशी बोलत असताना मध्येच आपल्याकडे वळून शेरे मारते. टिमचा दृष्टिक्षेप तिने वाचा देऊन वाढवला आहे. भोवतालच्या कोणालाही ते दिसत नाही. दुसऱ्या मालिकेत तिची एका कॅथलिक पाद्र्याशी गाठ पडते, दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि एकदा ती अशीच आपल्याकडे वळून परत येते तेव्हा तो तिला विचारतो की आत्ता तू कुठे गेली होतीस. ज्याचा सबंध व्यवसायच एका अदृश्य साक्षीच्या नावाने चालतो त्यालाच दुसऱ्याच्या अदृश्य साक्षीचा सुगावा लागावा, ही कल्पना या सगळ्या वाङ्मयात मला सर्वांत खोल वाटते. तिच्याजवळ उत्तर नसते. अशा शेऱ्यांनी आणि डोळे मिचकावण्याने तिने एक मृत्यू, एक अपराध आणि पुष्कळसे एकटेपण झाकून ठेवलेले असते, आणि ज्याला ते दिसते त्याच्यासमोर ही झाकपाक चालत नाही. अखेरच्या भागात बसथांब्यावर बसून पाद्री ईश्वराची निवड करतो आणि जातो. ती उठते, आपण तिच्यामागे जाऊ लागतो, तेव्हा मान हलवून आपल्याला तिथेच राहायला सांगते. त्याने आपला साक्षी राखला, तिने आपला सोडून दिला, आणि दोघांनीही ते रडत केले. या दोहोंत अधिक श्रद्धेचे कृत्य कोणते, याचा निर्णय धर्मपीठाकडे सोपवला तर तो पाद्र्याच्या बाजूने लागेल हे उघड आहे. मी मात्र, तिची ईश्वरावर श्रद्धा नसतानाही, तिच्या बाजूने मत देईन, कारण त्याला पुढेही कोणी पाहत राहणार होते आणि तिने कोणीही पाहत नसताना घरी चालत जायचे पत्करले.